अळीच्या पोटातली वस्ती

साचलेल्या पाण्यातली डासाची अळी हा आरोग्य खात्याच्या दृष्टीने मोजण्याचा आणि मारण्याचा विषय असतो. घरोघरच्या पाहणीत किती भांड्यांत अळ्या सापडल्या याची नोंद होते, पिंपात टेमिफॉस, म्हणजे आरोग्यसेवकांच्या बोलण्यातले ‘अ‍ॅबेट’, पडते, विहिरीत गप्पी मासे सोडले जातात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची सूचना देऊन पथक पुढच्या घरी जाते. कीटकशास्त्र आणि कवकशास्त्र, म्हणजे बुरश्यांचा अभ्यास, यांच्या सीमेवर काम करणाऱ्या मोजक्या संशोधकांना मात्र तीच अळी वेगळी दिसत आली आहे. तिच्या त्वचेवर, आतड्याच्या अस्तरावर, देहगुहेत आणि काही वेळा पेशींच्याही आत निरनिराळ्या कुळांतल्या बुरश्या राहतात. त्यांतल्या काही तिला ठार मारतात, काही तिच्या अन्नातले उरलेसुरले खाऊन कोणाच्या अध्यातमध्यात न पडता जगतात, तर काही उपासमारीत तिला हातभार लावतात. या बुरश्यांचा इतिहास बहुतेक वेळा डास मारण्याच्या हत्याराचा शोध म्हणूनच सांगितला गेला, आणि त्यामुळे त्यातले सर्वांत मोलाचे निरीक्षण बाजूला पडले: इथे मित्र कोण आणि शत्रू कोण हे केवळ बुरशीच्या जातीवरून ठरत नाही, अळीला मिळणारे अन्न, तिची कात टाकण्याची वेळ, पाण्यातले शेजारी आणि बीजाणूचे रूप या साऱ्यांवर ते अवलंबून असते.

ही वस्ती समजण्यासाठी अळीच्या शरीराची थोडी ओळख हवी. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोषात जाईपर्यंत डासाची अळी चार अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेच्या अखेरीस कात टाकते. ही कात फक्त बाहेरच्या त्वचेची नसते. कीटकाच्या आतड्याचा पुढचा आणि मागचा भाग, म्हणजे अग्रांत्र आणि पश्चांत्र, आतून त्याच कायटिनयुक्त पातळ आवरणाने मढवलेले असतात आणि कात टाकताना हे आतले अस्तरही उसवून बाहेर पडते. मधल्या भागाला, म्हणजे मध्यांत्राला, असे अस्तर नसते. तिथे अन्नाभोवती एक नाजूक पडदा तयार होत राहतो आणि अन्नाबरोबर पुढे सरकतो. अळी तोंडाजवळच्या केसांच्या झुबक्यांनी पाण्यात प्रवाह निर्माण करून, किंवा कुजक्या पानांवरचा थर खरवडून, जिवाणू, शेवाळ, यीस्ट, बुरश्यांचे तंतू आणि बीजाणू असे जे सापडेल ते गिळत असते. त्यामुळे डबक्यात जे आहे ते तिच्या पोटात जाणारच, आणि त्यांतले काही तिथे मुक्काम करणार, हे ओघानेच येते.

या मुक्कामी मंडळींपैकी सर्वांत चोखंदळ बुरशी म्हणजे स्मिटियम ही प्रजाती आणि तिची सख्खी नातलग झॅन्क्युडोमायसीस. कीटक, कवचधारी जीव आणि सहस्रपाद प्राणी यांच्या आतड्यांत राहणाऱ्या अशा बुरश्यांना कवकशास्त्रात ट्रायकोमायसीट म्हणतात. कॅन्सस विद्यापीठातील रॉबर्ट लिक्टवार्ट यांनी आपले बहुतेक सारे संशोधनजीवन त्यांच्यासाठी खर्च केले आणि १९८६ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. भारतात लखनौचे जे. के. मिश्र यांनी हा विषय लावून धरला. या बुरश्या पाहण्याची पद्धत साधी, पण हात स्थिर असणाऱ्यालाच जमेल अशी आहे. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात अळी ठेवून एका सुईने तिचे डोके दाबून धरतात, चिमट्याने शेपटीकडचा शेवटचा खंड पकडून हलके ओढतात आणि आख्खे आतडे बाहेर सरकते. पश्चांत्राचा तेवढा तुकडा कापून, सुयांनी उकलून पसरला, की त्याच्या आतल्या भिंतीवर बारीक, फांद्या फुटलेल्या रंगहीन तंतूंची झुडपे दिसतात. प्रत्येक झुडूप तळाशी चिकट द्रव्याच्या ठिपक्याने अस्तराला जखडलेले असते, आणि फांद्यांच्या टोकांना लांबट बीजाणू धरलेले असतात. बीजाणू सुटला की त्याच्या बुडाशी केसासारखा एक लांब धागा उलगडतो, जो पाण्यात काडीकचऱ्याला अडकतो. पुढची अळी तो कचरा चघळेल तेव्हा बीजाणू पुन्हा आतड्यात जातो.

इथून पुढची क्रिया या विषयातली सर्वांत सुबक गोष्ट म्हणावी लागेल. गिळलेला बीजाणू कुठेही फुटून चालत नाही, कारण मध्यांत्रात चिकटायला भिंतच मिळत नाही, आणि पश्चांत्र ओलांडून गेला तर तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो. डासाच्या अळीच्या मध्यांत्राचा पुढचा भाग प्राणिसृष्टीत क्वचित आढळावा इतका अल्कधर्मी असतो. तिथला सामू १० च्याही वर जातो. ब्रूस हॉर्न यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत दाखवून दिले, की स्मिटियमचा बीजाणू दोन पायऱ्यांनी उघडतो. पहिल्या पायरीला पोटॅशियम आणि चढा सामू लागतो, जो मध्यांत्रात मिळतो. दुसऱ्या पायरीला सामू खाली यावा लागतो, जे पश्चांत्राकडे जाताना घडते. या दोन्ही गोष्टी याच क्रमाने घडल्या तरच आतला जिवंत गाभा बाहेर झेपावतो आणि अस्तराला चिकटतो. यजमानाच्या आतड्यातले रसायन ही या बुरशीसाठी किल्लीच असते, आणि ती दोनदा फिरवावी लागते. त्यानंतरही निवांतपणा नसतो: अळीने कात टाकली की अस्तरासकट सारी झुडपे बाहेर फेकली जातात, म्हणून दोन कातींच्या मधल्या एक-दोन दिवसांत चिकटणे, वाढणे, फांद्या फोडणे आणि बीजाणू धरणे हे सारे उरकावे लागते.

अशा पाहुण्याने यजमानाचे काय भले किंवा बुरे केले, या प्रश्नाचे उत्तर शोधायला बुरशी आतड्याबाहेर वाढवता येणे आवश्यक होते. कॅलिफोर्नियातील क्लार्क, केलन आणि लिंडेग्रेन या तिघांनी १९६३ साली डासांच्या अळ्यांतून मिळालेल्या ट्रायकोमायसीट बुरश्या प्रथमच इतर कुठल्याही जिवाशिवाय शुद्ध स्वरूपात वाढवल्या. हॉर्न आणि लिक्टवार्ट यांचा १९८१ सालचा प्रयोग त्या पायावर उभा राहिला. त्यांनी एडिस इजिप्ती डासाच्या अळ्यांना मुद्दाम अपुरा आहार दिला, म्हणजे कधी त्यातून स्टेरॉल वगळले तर कधी ब गटातली काही जीवनसत्त्वे. स्टेरॉल हा पेशीच्या पटलाला आणि कात टाकण्याच्या संप्रेरकाला लागणारा पदार्थ आहे, पण कीटकांना तो स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावा लागतो. ज्या अळ्यांच्या पोटात बुरशी होती त्या या अपुऱ्या आहारावरही तगल्या आणि वाढल्या, तर बुरशी नसलेल्या मागे पडल्या. आहार पुरेसा असेल तेव्हा मात्र बुरशी असली काय आणि नसली काय, अळीला फारसा फरक पडत नव्हता. ज्या सहभोजी बुरशीला आधी फुकटी समजले जात होते, ती दुष्काळात सावकारापेक्षा बरी निघाली, असे म्हणायला हरकत नाही.

पण स्मिटियमची दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये इंगलबर्न येथे सैन्याची मलेरिया संशोधन संस्था होती, आणि तिथले ए. डब्ल्यू. स्वीनी यांनी १९८१ मध्ये अशा एका स्मिटियमचे वर्णन केले जे अळीला मारते. पुढे स्मिटियम मॉर्बोसम या नावाने ओळखली गेलेली ही बुरशी अस्तराला नुसती चिकटत नाही, तर ते भेदून आतल्या ऊतीत रुतते. अळी या घुसखोरीला आपल्या नेहमीच्या उपायाने, काळे रंगद्रव्य साठवून, उत्तर देते, पण कात टाकायची वेळ आली की जुने अस्तर त्या जागी खिळल्यासारखे अडकून बसते आणि अर्धवट कातीत गुरफटून अळी मरते. चिकटण्याची जागा तीच, प्रजाती तीच. फरक एवढाच, की एकीचा पाय अस्तरावर थांबतो आणि दुसरीचा त्याच्या पलीकडे जातो.

या सलगीची खूण बुरशीच्या जनुकांतही उमटली आहे. यान वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आतड्यांतल्या या बुरश्यांचे जनुकसंच तपासले तेव्हा झॅन्क्युडोमायसीस क्युलिसेटीमध्ये प्रथिनांच्या विल्हेवाटीशी संबंधित असे युबिक्विटिनचे एक जनुक सापडले, ज्याची रचना बुरश्यांपेक्षा डासांच्या जनुकाशी जुळणारी होती. ते यजमानाकडून बुरशीत गेले असावे, हा त्यांचा निष्कर्ष. जिवाणूंमध्ये अशी जनुकांची आडवी देवघेव नेहमीची असते, पण प्राण्याकडून बुरशीकडे झालेली देवघेव ही वेगळ्याच पंक्तीत बसणारी नोंद आहे.

देहगुहेत राहणारी बुरशी मात्र तडजोड करत नाही. डेव्हिड कायलिन या केंब्रिजच्या परजीवीशास्त्रज्ञाने १९२१ साली मलायाहून आलेल्या एडिस गटातल्या डासाच्या अळीत सीलोमोमायसीस या नव्या प्रजातीचे वर्णन केले. पेशींच्या श्वसनातले सायटोक्रोम शोधणारे म्हणून जीवरसायनशास्त्रात पुढे अजरामर झालेले कायलिन ते हेच. भारतात एम. ओ. टी. अय्यंगार यांनी, ज्यांचे त्रावणकोरमधील हत्तीरोगावरचे काम प्रसिद्ध आहे, १९३५ मध्ये अ‍ॅनोफिलिस डासांच्या अळ्यांत सापडलेल्या दोन नव्या जातींची नोंद केली. त्यांतल्या एकीचे नाव सीलोमोमायसीस इंडिकस. हीच जात नंतर आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस गँबीच्या अळ्यांतही मिळाली, आणि आजच्या झांबियातील लिव्हिंगस्टन भागात मस्प्रॅट यांनी पावसाळी डबक्यांतल्या अळ्यांची या बुरशीने केलेली वाताहत अनेक वर्षे नोंदवून ठेवली. लागण झालेली अळी ओळखायला फार अनुभव लागत नाही. निरोगी अळीचे शरीर अर्धपारदर्शक, मळकट पांढरे असते. या अळीचे वक्ष आणि पोट जाड कवचाच्या लंबगोल बीजाणुधानींनी ठासून भरून पिवळट, मग गंजासारखे तपकिरी होते, आणि चौथ्या अवस्थेत पोहोचलेली अळी कोषात न जाताच मरते. कवचावरची नक्षी, म्हणजे खळगे आणि कंगोरे, पाहून जाती ओळखतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील जॉन काऊच यांनी चार्ल्स ब्लँड यांच्या साथीने १९८५ साली संपादित केलेल्या ग्रंथात या प्रजातीचा सारा पसारा मांडलेला आहे.

इतकी घातक बुरशी, तीही डासांपुरतीच मर्यादित, म्हटल्यावर तिला कामाला लावण्याची कल्पना सुचणे साहजिक होते. मार्शल लेर्ड यांनी १९५८ मध्ये सिंगापूरहून आणलेल्या सीलोमोमायसीस स्टेगोमायी या बुरशीची पेरणी प्रशांत महासागरातील टोकेलाऊ बेटसमूहातल्या नुकुनोनो या प्रवाळबेटावर केली, जिथे हत्तीरोग पसरवणारा एडिस पॉलिनेसिएन्सिस हा डास नारळाच्या करवंट्या आणि झाडांच्या ढोलीत वाढत असे. बुरशी तिथे रुजली आणि नंतरच्या पाहण्यांत सापडलीही, पण डासांचा निकाल लागला नाही. प्रयोगशाळेतली परिस्थिती तर याहून गोंधळाची होती. मेलेल्या अळीतले बीजाणू निरोगी अळ्यांच्या भांड्यात टाकले तर बहुतेक वेळा काहीच होत नसे, आणि डबक्यातली माती किंवा पाणी टाकले तर कधी कधी लागण होई. अर्धशतकभर संशोधक पाण्याचे तापमान, बीजाणूंचे वय, वाळवण्याची पद्धत बदलून पाहत राहिले.

उलगडा झाला तो १९७४ मध्ये, आणि तो होता मातीबरोबर भांड्यात येणाऱ्या तिसऱ्या जिवात. हॉवर्ड व्हिस्लर, स्टीफन झेबोल्ड आणि जोसेफ शेमानचुक यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की अळीतून बाहेर पडलेले बीज अळीला लागणच करत नाही. जाड कवचाची बीजाणुधानी फुटते तेव्हा तिच्यातून एकेका शेपटीचे पोहणारे बीजाणू बाहेर पडतात, आणि ते शोधतात सायक्लॉप्ससारख्या कोपेपॉडला, म्हणजे डोळ्याला ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या पाणकिड्याला. त्याच्या देहात बुरशीची दुसरी पिढी वाढते, तिथे नर आणि मादी युग्मके तयार होतात आणि सायक्लॉप्स मरतो. काही जातींत नर युग्मके नारिंगी आणि मादी युग्मके रंगहीन असल्याने त्यांचे मीलन सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते. त्या मीलनातून झालेला, दोन शेपट्यांचा जीव अळीच्या त्वचेवर जाऊन चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि एका बारीक नळीने आपला गाभा त्वचेतून आत ढकलतो. यजमान दोन, पिढ्या दोन, आणि एकाकडून मिळालेला वारसा दुसऱ्याकडेच सोपवायचा: हे न कळल्यामुळे पन्नास वर्षांचे प्रयोग अर्धवट राहिले होते.

सायक्लॉप्स हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून आणि नारूच्या आठवणीतून ठाऊक आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरला, की त्याच्या पायातल्या जंताची पिल्ले पाण्यात जात, सायक्लॉप्स ती गिळी, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा जंत निघे. भारताला २००० साली नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते पाणी गाळण्याची सवय, पायविहिरींचे रूपांतर आणि विहिरींत सायक्लॉप्स मारण्यासाठी टाकलेले टेमिफॉस या सगळ्यांच्या बळावर. तेच टेमिफॉस आज डासांच्या अळ्यांसाठी पिंपांत पडते, म्हणजे सीलोमोमायसीसचे दोन्ही यजमान एकाच औषधाने जातात. सायक्लॉप्सचा डासांशी आणखी एक हिशेब आहे: मेसोसायक्लॉप्स प्रजातीतले मोठे कोपेपॉड नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या खातात आणि व्हिएतनाममध्ये पाण्याच्या टाक्यांत ते सोडून एडिस इजिप्तीवर मोठ्या प्रमाणात नियंत्रण मिळवण्यात आले. एकाच डबक्यात सायक्लॉप्स अळीचा भक्षक असतो, अळीला मारणाऱ्या बुरशीचे पोषणगृह असतो आणि त्या बुरशीचा बळीही असतो. अशा जागी ‘जैविक नियंत्रण’ हा शब्द जपून वापरलेला बरा.

लागण झालेली प्रत्येक अळी मरतेच असेही नाही. उशिरा लागण झालेल्या काही माद्या पूर्ण डास होऊन उडतात, आणि बुरशी त्यांच्या अंडाशयात शिरते. मादीने रक्त प्यायल्यावर अंडी पक्व करणारी संप्रेरके वाहू लागतात, आणि बुरशीही नेमक्या त्याच इशाऱ्यावर आपल्या बीजाणुधानी पक्व करते, असे लुकारोटी यांच्या अभ्यासात आढळले. मग ती मादी नवे पाणी शोधून अंडी घालण्याची सारी क्रिया यथासांग पार पाडते, आणि अंड्यांच्या जागी बुरशीचे बीज पाण्यात सोडते. स्वतःचे पंख नसलेल्या बुरशीला एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जायला याहून नेमके वाहन मिळणे अशक्य.

दोन यजमानांचा हा खेळ एकट्या सीलोमोमायसीसचा नाही. मायक्रोस्पोरिडिया या पेशीच्या आत राहणाऱ्या अतिसूक्ष्म परजीवींना पूर्वी आदिजीवांत मोजत. आता त्यांचे नाते बुरश्यांशी जोडले जाते. त्यांतल्या अँब्लिओस्पोरा या प्रजातीलाही मधला यजमान म्हणून कोपेपॉड लागतो, हे १९८५ साली अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये अँड्रियाडिस यांनी आणि ऑस्ट्रेलियात स्वीनी व सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. नात्याने एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन वंशांनी एकाच डबक्यातले तेच दोन शेजारी निवडावेत, यावरून अळी आणि कोपेपॉड यांची सोबत किती जुनी आणि भरवशाची असेल याची कल्पना येते.

हत्यार म्हणून आजमावलेल्या इतर बुरश्यांची कहाणी थोडक्यात उरकता येते. क्युलिसिनोमायसीस ही बुरशी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळेत पाळलेल्या डासांच्या अळ्यांतून मिळाली. त्वचेतून शिरण्याऐवजी ती गिळलेल्या बीजाणूंतून आतड्याच्या भिंतीवाटे शिरते. ती कृत्रिम माध्यमावर वाढते, पण तिचे बीजाणू साठवणीत टिकेनात. लॅजेनिडियम जायगँटियम हे तर बुरशीसारखे दिसणारे, पण नात्याने तपकिरी शेवाळांच्या जवळचे ऊमायसीट. काऊच यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेल्या या जिवाला स्वतः स्टेरॉल बनवता येत नाही आणि पुनरुत्पादनासाठी तो बाहेरूनच घ्यावा लागतो. अमेरिकेत ते अळीनाशक म्हणून नोंदले गेले, बाजारात आले, आणि पुढे त्याच्याशी जवळचे नाते असलेले जीव कुत्र्यांत रोग करताना आढळल्यावर त्याचा बाजार उठला. या सर्वांवर मात केली ती एका जिवाणूने. योएल मार्गालित यांना १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांतून मिळालेला बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजे बीटीआय, कारखान्यात टाक्यांत वाढतो, वाळवून पोत्यात भरता येतो आणि त्याचे विषारी स्फटिक गिळले की अळी काही तासांत मरते. त्याला ना सायक्लॉप्स लागतो ना ऋतू. गोव्यात पणजीच्या बांधकामांवरच्या टाक्यांत अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सीविरुद्ध तो वापरून पाहिला गेला. बीटीआय आल्यावर बुरश्यांवरच्या संशोधनाचा पैसा आटला, आणि त्याबरोबर बुरश्यांकडे पाहणारे डोळेही कमी झाले.

मेटारायझियमचे प्रकरण मात्र थांबून पाहण्याजोगे आहे, कारण त्यात मारणाऱ्या बुरशीचीच फजिती होते. जमिनीवरच्या कीटकांना मारणारी ही बुरशी मेच्निकोव्ह यांनी १८७९ मध्ये ओदेसा येथे गव्हावरच्या भुंगेऱ्यात अभ्यासली. जमिनीवर तिचा बीजाणू कीटकाच्या त्वचेला चिकटतो, त्वचा भेदतो, आत वाढतो आणि शेवटी शवावर हिरवी पूड धरतो. पाण्यात मात्र हाच पाणीविरोधी बीजाणू पृष्ठभागावर तरंगतो, अळीच्या त्वचेला चिकटत नाही, आणि गिळला गेला तरी आतड्याची भिंत ओलांडत नाही. तरीही अळी मरते. वेल्समधील स्वानसी विद्यापीठातील तारिक बट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा छडा लावला: बीजाणूंवरच्या प्रथिने तोडणाऱ्या विकरांमुळे अळीच्या पेशींवर इतका ताण येतो, की त्या स्वतःलाच संपवू लागतात. बुरशीला या मृत्यूतून काहीच मिळत नाही, कारण ती आत शिरतच नाही. संशोधकांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला अपघाती मृत्यू ठरवले आहे. त्याच गटाच्या पुढच्या कामात द्रव माध्यमात वाढवलेल्या, मऊ भिंतीच्या बीजाणूंनी मात्र त्वचाही भेदली आणि आतडेही. बुरशी तीच, बीजाणूचे रूप बदलले, आणि निकाल फिरला.

यीस्ट या एकपेशीय बुरश्यांशी अळीचा संबंध बहुतांशी जेवणाचा आहे. भारतातल्या प्रयोगशाळांत डासांच्या अळ्या वाढवताना कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा आणि यीस्टची पूड यांचे मिश्रण पाण्यावर भुरभुरतात, ते याच कारणाने. दक्षिण आफ्रिकेत क्युलेक्स डासांच्या अळ्यांतून अनेक प्रजातींची यीस्ट वेगळी करून त्यांचा अळीच्या वाढीवर होणारा परिणाम तपासला गेला. या आवडीचा फायदा घेऊन इंडियाना विद्यापीठातील मॉली डुमन-शील यांच्या गटाने साध्या बेकरीच्या यीस्टमध्ये असा बदल केला, की त्यात अळीचे एखादे अत्यावश्यक जनुक गप्प करणारा आरएनए तयार व्हावा; ते यीस्ट मारून, वाळवून पाण्यात टाकले की अळी ते आवडीने खाते आणि मरते. पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये २००३ साली निराळ्या दिशेने काम झाले: ट्रायकोडर्मा व्हिरिडी या मातीतल्या बुरशीच्या स्रावाकडे हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सच्या माद्या अंडी घालायला ओढल्या जातात, असे तिथे आढळले. पाण्यात कोणती बुरशी आहे हे अळी जन्मण्याआधी तिच्या आईला कळते, असा त्याचा अर्थ लावला तर तो फार ताणलेला होणार नाही.

गेल्या काही वर्षांत सूक्ष्मदर्शकाची जागा जनुकीय क्रमवाचनाने घेतली आहे. अळ्या चिरडून त्यांतला सारा डीएनए वेगळा करायचा, बुरश्यांमध्ये जातीगणिक बदलणारा एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि यादी करायची, अशी ही पद्धत. यादी लांबलचक निघते, पण तिच्यातली किती नावे रहिवाशांची आणि किती नुसत्या वाटसरूंची, हे ती सांगू शकत नाही. हवेतून पाण्यात पडलेला आणि पोटातून तसाच जाणारा बीजाणू आणि अस्तराला चिकटून वाढणारे झुडूप तिच्या लेखी सारखेच. अळी ज्या पाण्यात सापडली त्या पाण्याचा ठसा यादीवर असतो, हे मात्र दिसते. शिवाय कोषातून डास होताना जुने आतडे मोडून नवे बनते आणि आतली वस्ती बरीचशी धुतली जाते, त्यामुळे अळीतली कोणती बुरशी उडत्या डासापर्यंत पोहोचते हा स्वतंत्र प्रश्न उरतो.

तो प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण डासाच्या आतड्यातली बुरशी माणसाच्या आजारात ढवळाढवळ करते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये आढळले, की पेनिसिलियम क्रायसोजेनम ही बुरशी आतड्यात असलेल्या अ‍ॅनोफिलिस गँबी डासांत मलेरियाचा परजीवी अधिक सहज रुजतो, कारण बुरशीच्या स्रावामुळे डासाच्या शरीरात नायट्रिक ऑक्साइड कमी बनते. पुढच्याच वर्षी त्यांनी टॅलारोमायसीसमुळे एडिस इजिप्तीत डेंग्यूचा विषाणू वाढतो हे दाखवले. उलट इटलीतील कामेरिनो विद्यापीठात अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी या भारतातल्या शहरी मलेरियाच्या डासात सापडलेले विकरहॅमोमायसीस अ‍ॅनोमॅलस हे यीस्ट असे विष स्रवते, जे उंदरांच्या मलेरियाच्या परजीवीला मारते.

या सर्वांत अलीकडची आणि सर्वांत आशादायक नोंद केनियाची आहे. नैरोबी येथील आयसीपे या कीटकसंशोधन संस्थेतील जेरेमी हेरेन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अ‍ॅनोफिलिस अरेबिएन्सिस डासांत मायक्रोस्पोरिडिया एमबी हा बुरश्यांच्या नात्यातला जीव असल्याचे जाहीर केले. तो आईकडून अंड्यांवाटे अळीत येतो, अळीबरोबर वाढतो, कोषातल्या उलथापालथीतून तरून जातो, डासाला जाणवण्याजोगा त्रास देत नाही, आणि ज्या डासात तो असतो त्यात मानवी मलेरियाचा परजीवी वाढू शकत नाही. पुढे असेही दिसले, की मीलनातून तो नराकडून मादीकडे आणि मादीकडून नराकडेही जातो. तो फक्त जिवंत डासाच्या पेशींत वाढतो आणि काचपात्रात वाढवता येत नाही, म्हणून प्रयोगासाठी गावांतून जंगली माद्या पकडायच्या, त्यांच्याकडून वेगवेगळी अंडी घालून घ्यायची, मग कोणती मादी लागण झालेली होती हे तपासून तिच्याच अळ्या वाढवायच्या, असे काम तिथे चालू आहे.